माहेराचं वर्तुळ

अंबाजोगाई,
रविवार, ६ जुलै २००३

तीर्थरूप अप्पांस,
रुद्राणीचा शरणार्थ.

इकडे आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? संगमेशदादा फोनवर सांगत होता की दुकानात तुमच्यासाठी खुर्ची आणली आहे आणि तुम्ही तिच्यावर कापडाची ठाणं ठेवता. गिऱ्हाईक उभं असताना दुकानदारानं बसायचं नाही, हे तुमचं तत्त्व मला माहीत आहे. पण अप्पा, गुडघ्याला तत्त्व कळत नाही.

चार वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात गुडघ्यापासून करतेय, म्हणून चिडू नका. धर्मापुरीची एस.टी. इथून तासाभरात पोचते. त्या रस्त्यावर मी चार वर्षं पाऊल टाकलेलं नाही. भारतशी कोर्टात लग्न केलं तेव्हापासून सगळे एकच धरून बसलेत की वीरभद्रअप्पांनी पोरीला टाकलं. आईसुद्धा. दादा म्हणतो, पंचमी जवळ आली की ती तुम्हाला जेवताना टोचत राहते, एकदा मुराळी होऊन पोरीला आणायला गेला असता तर काय अब्रू गेली असती? आणि तुम्ही म्हणे ताटातून मान वर करत नाही.

त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी माझ्या कामाचं ऐका, कारण ते तिथूनच निघालं.

मी इथल्या एका संस्थेत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या चाळीस बायकांच्या मुलाखती मी घेतल्या, बहुतेक युसूफ वडगावच्या, म्हणजे माझ्या सासरच्याच. सासूबाईंनी स्वतः वीस वर्षं कोयता धरलेला. सुभद्राबाईची सून म्हटल्यावर बायका चहा टाकून बोलायला बसायच्या. टेपवरचं ते सगळं बोलणं मी कॉम्प्युटरवर उतरवलं. आमच्या सॉफ्टवेअरला मराठी वाचता येत नाही, म्हणून वडगावचं बोलणं इंग्रजी अक्षरांत. त्यात सहा महिने गेले आणि चष्मा लागला.

पुढचं काम तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही सुती एका फळीवर, टेरिकॉट दुसरीवर, खण तिसरीवर लावता, तसं एकेक वाक्य लावायचं. हे पाण्याचं, हे पाठदुखीचं, हे पोरांच्या शाळेचं. सगळं लावून झालं की सॉफ्टवेअर त्याचं चित्र काढतं. ज्या गोष्टीचं बोलणं जास्त, तिचं वर्तुळ मोठं. ज्या दोन गोष्टी बरोबर निघतात, त्यांच्यामध्ये रेघ.

मी घाई केली. प्रत्येक वाक्य वाचून लावायच्या ऐवजी काही शब्द देऊन सॉफ्टवेअरलाच शोधायला लावलं. चित्र आलं तर मधोमध हे एवढं मोठं वर्तुळ, माहेराचं. पाणी, दुखणं, मुकादम, सगळ्यांच्या रेघा त्याच्याकडे जाणाऱ्या. आमच्या मॅडम इतक्या खूश झाल्या की पुण्याच्या परिषदेत हेच मांडू म्हणाल्या. मी हवेत. रंगीत प्रिंट काढली, बायकांना दाखवायला वडगावला नेली आणि सासूबाईंच्या अंगणात पसरली.

साखराबाई म्हणून एक आहेत, तोंडाच्या फटकळ. त्यांनी चित्राभोवती एक फेरी मारली आणि हे मोठं कशाचं म्हणून विचारलं. माहेराचं, असं मी सांगितलं.

"आमी कवा काढलं माहेराचं?" त्या म्हणाल्या. "तूच इचारायचीस की दर बारीला. अन् पान्याचं येवढंसं कावून काढलं? सकाळधरनं पान्यामागंच तर पळत असतो."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकीनं माझी नक्कलही केली, मान तिरकी करून, "मावशी, पंचमीला मुराळी येतो का हो न्यायला?" हुबेहूब मीच. मीही हसले, पण माझे कान तापले होते.

परत येऊन सगळं पुन्हा वाचलं. साखराबाईंचं खरं होतं. मुलाखतीत माझे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकाखाली एक होती आणि सॉफ्टवेअरला कोण बोलतंय याच्याशी काय करायचंय? माझे प्रश्न काढून टाकले तेव्हा माहेर मुगाच्या दाण्याएवढं झालं. पाणी आणि पाठदुखी मोठी झाली. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, पुण्याला जायच्या आधी कळलं हे नशीब. चित्र बदल आणि पुढच्या वेळी विचारणाऱ्याचं बोलणं वेगळं ठेव. तिथं ते संपलं.

माझं संपलं नाही. मी नुसत्या माझ्या प्रश्नांचं चित्र काढलं. चाळीस बायकांना मी एकशे बारा वेळा माहेराचं विचारलं होतं. पाण्याबद्दल बोलणाऱ्या बाईला मध्येच थांबवून, वडील येतात का. कंबर दुखते म्हणणाऱ्या बाईला, वडिलांना कळवलं का. एक बाई पोराच्या तापाचं सांगत होती, तिला मी विचारलं की तुझे वडील पहिल्यांदा न्यायला आले तेव्हा काय बोलले. मला स्वतःची लाज वाटली, अप्पा, आणि रडूही आलं.

चित्र दाखवलं त्या दिवशी वडगावहून निघताना सासूबाई फाट्यापर्यंत सोडायला आल्या होत्या. "तुला न्यायाला कुनीच आलं न्हाई, म्हून इचारतीस व्हय ग?" असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. तेव्हाच त्यांनी ठरवलं की धर्मापुरीला यायचं आणि दुकानात सगळ्यांसमोर तुम्हाला जाब विचारायचा. त्या बोलल्या की करतात. तुमच्या-माझ्यासारख्याच.

मी हो म्हणाले ते खोटं होतं. कालपर्यंत आपल्या दोन्ही घरांत हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं. तुम्हाला कदाचित निम्मंच माहीत असेल.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तुम्ही आला होता. घरी लातूरला माल आणायला जातो म्हणून सांगून. दादा अजून हसत सांगतो की अप्पा त्या वेळी लातूरहून रिकाम्या हातानं परतले. पांढरं धोतर, बगलेत छत्री, हातात कापडी पिशवी. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही दिसलात आणि मी दार लावून घेतलं. शेजारच्या मंजुळाबाईंना खिडकीतून सांगितलं की मी नाही म्हणा.

अप्पा, मी घरात होते.

तुम्ही अर्धा तास उभे होतात. मंजुळाबाईंनी बसायला पाट दिला, तुम्ही बसला नाहीत. मी दाराला पाठ लावून आत उभी होते, आपल्यात हातभराचं अंतर नव्हतं. तुम्ही त्यांना म्हणालात, "आली की सांगा, बाप येऊन गेला. अन् जावयाला बी घिऊन ये म्हनावं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जावयाला म्हणालात तुम्ही. तरी मी कडी काढली नाही. लग्नाच्या दिवशी तुम्ही आला नाहीत याचा राग माझ्या नाकावर होता, आणि तुम्ही असेच वाईट राहावं असं मला वाटत होतं. तुम्ही चांगले निघालात तर मग चूक माझी होणार होती. तुम्ही मंजुळाबाईंकडे ठेवून गेलेल्या पिशवीतल्या लाह्या मी एकटीनं खाल्ल्या. भारतना सांगितलं, मंजुळाबाईंनी दिल्या.

तुम्हाला कळलंच असेल. दाराला कुलूप नव्हतं. आणि तरी चार वर्षं तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. आईचे टोमणे खाल्ले, गावाची बोलणी खाल्ली, पण पोरीनं दार उघडलं नाही हे सांगितलं नाही. माझं नाव खराब होऊ नये म्हणून तुमचं होऊ दिलंत.

काल रात्री भारतना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी उगाच चार वर्षं त्या माणसाला मनात बोल लावले." आज सकाळी वडगावला जाऊन सासूबाईंनाही सांगितलं. ऐकून त्या खराटा घेऊन अंगण झाडायला लागल्या. निघताना म्हणाल्या, मुराळ्याला माघारी पाठवलेली पोर पुन्हा मुराळ्याची वाट बघत नसते, तिनं आपल्या पायानं जावं.

पंचमी शनिवारी, दोन ऑगस्टला आहे. आम्ही दोघं शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येतो. न्यायला कुणाला पाठवू नका. तुमचा राग असला तर दार उघडू नका, मी बाहेर उभी राहीन. तुमच्यापेक्षा जास्त वेळ उभी राहीन.

एकच मागते. हे पत्र घडी घालून खिशात ठेवू नका. आज जेवायच्या आधी आईला समोर बसवून पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवा. ती मला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुम्हाला मात्र आजपासून सुखानं जेवू दे.

त्या दिवशी आत असलेली, तुमचीच,
रुद्राणी