ऐंशीच्या दशकाचा शॉर्टस्टॉप

मायामी, जानेवारी १९९०

आई, लांबूनच तुला मिठी मारतो.

मी बरा आहे. बेकरीत काम मिळालंय, पाव फुकट. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या गावात, मातान्सासच्या पार्कात म्हाताऱ्यांनी ऐंशीच्या दशकाचा बेसबॉल संघ निवडला म्हणे. दुसऱ्या न् तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपला कोण, तर फेर्मिन! त्याच्या हातातून चेंडू साबणासारखा निसटायचा. दहा वर्षं ती जागा माझी होती, आई. पण देश सोडलेल्याचं नाव तिथे कुणी घेत नाही. त्यांच्यात बसलेल्या बाबांनीही फेर्मिनलाच हात वर केला. बरोबरच आहे, त्यांना तिथेच राहायचंय.

इथले आपले लोकही संघ निवडतात. म्हणाले, "तू तिकडे खेळलास गड्या, ते आम्ही धरत नाही."

दार लावून बाबांना एकदा विचार, शॉर्टस्टॉप कोण होता? कुणीच नव्हता म्हणाले तरी चालेल. फक्त फेर्मिन म्हणू नका म्हणावं.

तुझाच,
एलिसेओ