आज शाबूत असलेल्या बुद्धीने

मी, इंदुमती सूर्यकांत उजागरे, वय ७४, निवृत्त सरकारी लिपिक, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी आज शाबूत आहे. ‘आज’ मुद्दाम लिहिलं. मला विसरण्याचा आजार सुरू झाला आहे. सध्या सही करण्याइतकी मी ठीक आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एकवीस वर्षं फायली सांभाळल्या. दाखल्याशिवाय मी कागद पुढे सरकवत नाही.

१. माझा द्वारकेचा फ्लॅट मुलगा अनिश आणि सून क्षिप्रा यांना निम्मा-निम्मा मिळावा. माझे पती सूर्यकांत गेले तेव्हा अनिश सहा वर्षांचा होता. आर. के. पुरमची सरकारी क्वार्टरही सोडायची वेळ आली. भांडी पोत्यात भरता भरता मी देवाशी मोठमोठ्याने भांडले, तेही मराठीत, म्हणजे शेजाऱ्यांना कळायला नको. पोती शिवून झाली आणि मग अनुकंपा तत्त्वावर नोकरीचं पत्र आलं. देवाने वेळेवर दिलं असं मी म्हणणार नाही. उशीरच केला बाई त्याने! पण मला टाकलं नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

२. सूर्यकांतांची पेटी आमच्या मराठी उपासनेला द्यावी. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण जमतो. पावसाळ्यात तिची एक पट्टी अडकते. तिला ठोकू नये, जरा थांबावं.

३. बिडाचा तवा माझ्या जाऊबाई वीणाताईंना. सूर्यकांतांच्या दफनाच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “देवानंच टाकलं गं तुला.” पुढे माझा तवा मागून नेला, तो आठ वर्षांनी परत केला. एवढा आवडतो तर खुशाल ठेवून घ्यावा. त्यांच्यावर माझा राग आता उरलेला नाही, थोडा सोडून.

४. हे कलम नीट वाचावं. अनिशने क्षिप्राशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा मुलगी आपल्या धर्माची नाही म्हणून मी गेले नाही. चौदा महिने तिला घरात पाऊल टाकू दिलं नाही. मग माझं खुब्याचं हाड मोडलं. ही पोरगी नोएडाहून मेट्रोने दिवसाआड येऊन मला आंघोळ घालायची. एकदा मी विचारलं, “तुला माझा राग येत नाही?” म्हणाली, “येतो ना आई, बिल्कुल येतो. पण आधी केस धुऊन घेऊ, पाणी गार होतंय.”

डॉक्टर म्हणतात, या आजारात अलीकडचं आधी जातं, जुनं टिकतं. म्हणजे ते चौदा महिने माझ्यापाशी राहतील आणि हे केस धुणं जाईल. या एका गोष्टीने माझी झोप उडाली होती. म्हणून लिहिते: पुढे मी क्षिप्राला हाकललं, चोर म्हटलं, तिच्या हातचं जेवण ढकलून दिलं, तर ते माझं बोलणं धरू नये. नंतरचं मृत्युपत्र आधीचं रद्द करतं, हा कायदा मला ठाऊक आहे. इथे उलट करावं. ती माझी लेक आहे आणि तिच्यावर माझा फार जीव आहे, हे आजचं म्हणणं कायम. यापुढचं सगळं रद्द. मी असं वागेन त्या प्रत्येक दिवशी अनिशने हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं. आळस करू नये.

५. उद्या प्रार्थनाही विसरेन. भीती वाटते का, असं क्षिप्राने विचारलं. वाटते. पण देवाने माझं आजवर जे केलं, ते मी त्याला लक्षात ठेवलं म्हणून नव्हे. रुसले होते तेव्हाही तो होताच. मी ओळख विसरले तरी तो विसरायचा नाही. तेवढ्यावर मी निश्चिंत आहे, आणि भूकही चांगली लागते.

ज्याला घर मिळणार त्याने सहीच्या वेळी जवळ नसावं, म्हणून क्षिप्राला मी बाल्कनीत बसवलं आहे. काचेतून बघते आहे वेडी.

सही: इंदुमती सू. उजागरे
साक्षीदार: १. डॉ. जयदीप माथुर २. मैत्रेयी आढाव
स्थळ: द्वारका, नवी दिल्ली. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

क्षिप्रा, सह्या झाल्या. आत ये गं.