टिटवाळ्याचा चंद्र

आई, मी कॅनडाला जाऊन आले. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "किती लांब गं?" मुंबईपासून टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, विमानात सतरा-अठरा तास आणि मध्ये लंडनला ताटकळणं वेगळं. हे जावयाने मला फोनवर नीट समजावलं. लेक कधीची बोलवत होती आणि मी "फार लांब आहे गं" म्हणून टाळत होते. शेवटी त्यानेच तिकीट काढलं, ते कॅलेंडर न बघता, नेमकं संकष्टीचं.

तू गेल्यापासून तुझी संकष्टी मी धरली आहे आणि एकदाही मोडलेली नाही. पण हे विमान निघालं सूर्याच्या मागे पळणारं, दिवस मावळायचं नावच घेईना. टोरांटोत चंद्र उगवेल तेव्हा डोंबिवलीत दुसऱ्या दिवशीचा चहा होऊन गेलेला असणार! खिचडीचा डबा तर मी वाळवंटावरच संपवला होता. लंडनला उतरले तेव्हा पोटात कावळे कोकलत होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि मला आपली ती संध्याकाळ आठवली. आभाळ गच्च भरलंय. तू गच्चीवरून पुन्हा रिकाम्या हाताने खाली येतेस. आम्ही दोघं भावंडं झाकलेल्या पातेल्यांकडे बघत बसलोय. शेवटी तू शेजारच्यांच्या फोनवरून टिटवाळ्याच्या मावशीला विचारतेस, "दिसला का गं तुमच्याकडे?" तिकडून होकार येतो आणि तू पानं घ्यायला लागतेस. बाबा चिडवतात, "टिटवाळ्याचा चंद्र डोंबिवलीला चालतो वाटतं?" तू वरण वाढता वाढता म्हणतेस, "बहिणीने बघितला म्हणजे मीच बघितला. बसा आता गुमान."

मग मीही डोंबिवलीला भावाला फोन लावला. "अरे, जरा गच्चीवर जाऊन बघतोस का?"

"ताई, मी कधीचाच वर आलेलो. आत्ताच दिसला बघ, एकदम क्लिअर! आता खा गपचूप."

टिटवाळ्याचा गणपती नेमका कुठल्या दिशेला ते कळेना, म्हणून कॉफीच्या दुकानाकडे तोंड करून हात जोडले. पिशवीतून दशम्या काढल्या आणि लसणीच्या चटणीबरोबर चारही खाल्ल्या. शेजारची गोरी बाई वासाने दोन खुर्च्या सरकून बसली. मला इतकं हसू आलं, तू हवी होतीस गं.

टोरांटोत लेकीने दार उघडलं, तर चेहरा सुकलेला. म्हटलं, आजारी आहेस की काय? "नाही गं आई. संकष्टी आहे ना. आजीची तू धरलीस, मग मीपण इथे आल्यापासून करते. तुला सांगितलं नाही, तू म्हणाली असतीस, तब्येत सांभाळ." ओट्यावर मोदक होते, निम्म्यांच्या कळ्या उकललेल्या. थोड्या वेळाने समोरच्या इमारतीमागून चंद्र वर आला. आम्ही दोघींनी बाल्कनीतून त्याला ओवाळलं आणि माझे डोळे भरून आले. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझाच उपास मोठा झाला. कालपासून उपाशी आहेस ना?"

हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून तुला सांगते. मी "हो" म्हटलं आणि पुन्हा पोटभर जेवले. दशम्यांचं तिला अजून माहीत नाही. तूही बोलू नकोस.