गाळलेल्या नोंदी

३ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज मला माझंच पडलंय. फोन केला तर रडू फुटेल, म्हणून लिहितेय.

नव्या क्वांटम केंद्राच्या प्रमुखपदासाठी माझं नाव जवळजवळ पक्कं आहे. वीस तारखेला समिती बसेल. सगळी मदार आमच्या एका शोधनिबंधावर आहे. आमच्या चिपवरची क्वांटम अवस्था इतरांपेक्षा दुप्पट वेळ टिकते, असं आम्ही त्यात छापलं. ती टिकत नाही रे. शीतयंत्राचा पंप अधूनमधून थरथरायचा. वाईट नोंदी त्यामुळेच येतात असं धरून मीच त्या गाळायला लावल्या. गेल्या महिन्यात नवा पंप बसवला, थरथर थांबली, तरी वाईट नोंदी तेवढ्याच. म्हणजे दोष चिपचाच होता.

माझी विद्यार्थिनी, ती चष्मेवाली, तीन वर्षांपूर्वी हेच सांगत होती. तुला यंत्राचा कानच नाही, असं मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. ती संशोधन सोडून गेली.

तीस वर्षं घातली मी यात. काय करू ते सांग. गुडघा शेकत जा.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा जिना चढताना कुरकुरतो. पण लिफ्टच्या मेकॅनिकनं जिना चढावाच कशाला? हसलीस तर बरं.

तुझं क्वांटम मला कधी झेपलं नाही. पण तपासताना लिफ्ट दहादा नीट थांबली आणि दोनदा मजल्याच्या खाली गेली, तर ते दोनदा विसरून मी सही करत नाही. माझ्या सहीवर लोक आत पाय टाकतात. तुझ्या निबंधावरही कुणीतरी टाकत असेलच.

वीस तारखेआधी तो मागे घे. पद जाईल, मलाही फार लागेल. आईनं शेजारणींना सांगूनसुद्धा टाकलंय, तिला मी समजावतो. त्या मुलीला मात्र तू स्वतः लिही.

जेवत जा. माझा राग आला तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा ठोंब्या

२८ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

अठरा तारखेला निबंध मागे घेतला. वीसला दुसऱ्याची निवड झाली. आता लिफ्टमध्ये मी दिसले की विभागातले लोक जिन्यानं जातात. तुझा धंदा बुडवतेय मी.

चष्मेवालीला चार पानं लिहिली. माफी मागितली, परत ये, तुझी जागा आहे, असंही लिहिलं. काल तिचं उत्तर आलं. ती शाळेत शिकवते. आपलं बरोबर होतं हे तिला तेव्हाही ठाऊक होतं, तरी तीन वर्षं ती स्वतःवरच संशय घेत राहिली, असं लिहिलंय. परत येण्याबद्दल एक शब्द नाही.

रोज सकाळी नोंदवही आता मी स्वतः भरते, एकही ओळ गाळत नाही. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नसतं. मला हे सोसवत नाही रे.

रजा काढून ये. गुडघा दुखत असला तरी ये.

तुझी ताई