पलंगाशेजारी ठेका

६ जानेवारी, सोमवार

आजही काही नाही. आन्हिक उरकून यांच्या पलंगाशेजारी बसले आणि दोन स्तोत्रे म्हटली — स्वच्छ, संथ, प्रत्येक चरणानंतर थांबून. हे छताकडे पाहत राहिले. दिवाळीनंतर मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, त्या सकाळपासून यांचे उजवे अंग गेले आणि वाणीही गेली. डॉक्टर म्हणतात, ऐकू येते, समजते. मला आता खात्री वाटेनाशी झाली आहे.

वाचा परत आणण्यासाठी भाविका नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा येते. तिनेच सांगितले होते, "आजी, टेन्शन नका घेऊ. बोलणं अडकलं तरी पाठ असलेलं कधीकधी सुटतं. श्लोक, गाणं, काहीही. रोज म्हणत राहा." म्हणून म्हणते आहे. उभे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले, त्यामुळे पाठांतराला तोटा नाही. शास्त्रांनी शब्दाला ब्रह्म म्हटले. माझ्या घरात ते ब्रह्म गप्प पडून आहे.

कंबर धरली आहे. याहून अधिक लिहवत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

विश्वजित पुण्याहून आला होता. पनवेलच्या पुढे एक शुश्रूषा केंद्र आहे, त्याचे फोटो मोबाइलवर दाखवत होता. मोठ्या खिडक्या, पांढऱ्या चादरी, अंगणात चाकाच्या खुर्च्या.

"आई, परवा बाबांना उचलताना तू पडलीस ना? मला शेजारच्यांकडून कळतं."

"पडले नाही. बसले."

"आई!"

"त्यांना विचारल्याशिवाय मी कुठेही पाठवणार नाही."

"बाबा बोलत नाहीत, आई. विचारणार कसं?"

"बोलतील. तोवर नाही."

फेब्रुवारी संपेपर्यंत तिथली जागा धरून ठेवतो, म्हणाला. लेकरू वाईट नाही. त्याची नोकरी तिकडे, माझा हट्ट इकडे. पण हे सारे बोलणे यांच्या देखत झाले! उठून स्वयंपाकघरात जाण्याचे भानही आम्हा दोघांना राहिले नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

एकादशी. वरीचे तांदूळ यांनी दोन चमच्यांपुढे घेतले नाहीत. माझेही झाकूनच राहिले.

१३ जानेवारी, सोमवार

भाविका आज माझे स्तोत्र संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मस्त म्हणता आजी. पण एक विचारू? हे आजोबांना पाठ होतं का?"



नव्हते! यांनी कधी स्तोत्र म्हटले नाही. रबाळ्याच्या कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे, आणि सेक्टरातल्या मंदिरात भजनी मंडळाला पखवाज धरायचे. यांना पाठ होते ते पखवाजाचे बोल. आंघोळ करताना, डब्याच्या झाकणावर, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर — धिं ना, धिं ना. स्तोत्रे माझी होती. इतके दिवस मी माझाच नित्यपाठ यांच्या कानी घालत बसले आणि हे बोलत का नाहीत म्हणून झुरत राहिले.

पण बोल म्हणायचे कसे? यांनी ते कधी लिहिले नाहीत. मी कधी शिकले नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

रूपेशला बोलावले. जुन्या नेरूळ गावातला. आता इमारती बांधतो आणि मंडळात यांच्या जागी तोच पखवाज वाजवतो. शाळेत माझा विद्यार्थी होता. दारातच हसू लागला.

"बाई, तुमी मना संस्कृतात दोनदा नापास केला होता. आता माझा चान्स हाय!"

"कर नापास. पण आधी शिकव."

त्याने कागदावर भजनी ठेका लिहून दिला. पहिल्या मात्रेखाली फुली, तिला सम म्हणायचे. पुढे एका ठिकाणी शून्य, त्या मात्रेचे नाव 'खाली'. फुलीवर टाळी द्यायची, शून्यावर हात नुसता उघडा धरायचा.

"म्हणजे तिथे काहीच नाही?"

"हाय ना! मात्रा हाय. टाळी नाय. ती खाल्ली की गानारा येकीकडं नि वाजवनारा येकीकडं."

जाताना यांच्या पायाला हात लावून म्हणाला, "आबा, बाईंना सांभाला. मना यांची लय भीती वाटते." आगरी माणसाने मुद्दाम घाटावरचा 'लय' वापरला, हे साताऱ्याचे म्हणून! यांचा चेहरा जसा होता तसाच.

२० जानेवारी, सोमवार

धिं ऽ ना धिं, ऽ धिं ना ऽ. पुढची ओळ तशीच, फक्त धिंच्या जागी तिं. एवढा ठेका. पोरांनाही येतो म्हणे.

मी वाचला — धिं नाधिं धिंना. झरझर वाचला, चरण वाचावा तसा. यांच्या कपाळावर आठी पडली. अंगाखाली काही रुतत असेल असे वाटून उशी बदलली, चादर ताणली. पुन्हा वाचले. पुन्हा आठी.

कूस बदलून दिली. तिसऱ्यांदा वाचण्याचे धैर्य झाले नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

रूपेशला फोनवर वाचून दाखवले. तो इतका हसला की त्याला बोलवेना.

"बाई, तुमची गाडी सगले सिग्नल तोडत चाललीय! ती खून हाय ना मधी, तिथं गप बसायचा. येक मात्रा. हलायचा नाय."

ही 'ऽ' खूण मी जन्मभर पाहिली आहे. पोथीत ती गिळलेल्या 'अ'ची असते. उच्चार नाही, वेळही नाही, डोळा तिच्यावरून घसरून पुढे जातो. इथे तिच्यापाशी पूर्ण वेळ थांबावे लागते. या वयात डोळ्यांना नवी सवय लावणे फार थकवणारे आहे.

संध्याकाळी थांबत थांबत म्हटले. यांच्या कपाळावर आठी पडली नाही. मुद्दाम एक मात्रा गिळून पाहिले — पडली!

ऐकतात. सारे ऐकतात. आनंद व्हायला हवा होता. मी तर पदर तोंडाशी धरून रडत बसले.

२५ जानेवारी, शनिवार

पडून पडून पाठीला झालेली जखम पुसणे, कुशीवर वळवणे, पातळ भात भरवणे, चादरी धुणे, वाळत घालणे, पुन्हा कुशीवर वळवणे. त्यात हा अभ्यास. नजर कागदावर ठेवली तर हात चुकतो, हाताकडे लक्ष दिले तर ओळ हरवते. श्लोकात अडले तर मागे जाऊन पुन्हा चरण धरता येतो. इथे गेलेली मात्रा गेली. ती परत यावी म्हणून थांबले की पुढचीही जाते.

यांच्याशेजारी इतकी वर्षे राहून यातले काहीच माझ्या कानावर कसे पडले नाही, याचे नवल करीत चादरी पिळल्या. कंबरेत कळ आली. देवघरातला दिवा आज लावायचा राहिला होता. उशिरा लावला.

३ फेब्रुवारी, सोमवार

शून्यावर टाळी पडली. पुन्हा. पुन्हा. पुन्हा!

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली ओळ नीट झाली. दुसऱ्या ओळीत तिंच्या जागी पुन्हा धिं म्हटले. आठी पडेल म्हणून यांच्याकडे पाहिले.

"तिं."

मी कागद खाली ठेवला.

"तिं," हे म्हणाले. "तिं ऽ ना."

केवढा खरखरीत आवाज — गंजलेले दार उघडावे तसा. पण मधली मात्रा यांनी रिकामी धरली. बरोबर तेवढीच!

भाविकाला फोन केला. ती तिकडे ओरडलीच. "आजी, काय सांगताय! थांबू नका, परत म्हणा, परत!" परत म्हटले. शेवटच्या 'ना'ला हे माझ्याबरोबर आले. त्यात कोणत्या देवाचे नाव नव्हते. देवा, रागावू नकोस, आज मला त्याहून पवित्र अक्षर ठाऊक नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भाविकाने युक्ती काढली आहे. ठेका चालू ठेवायचा आणि त्याच चालीत विचारायचे — चहा ऽ हवा ऽ? पहिल्या दिवशी नुसते ओठ हलले. काल "हो" आला. आज "बास" आला, औषधाच्या वेळी, चांगला ठणकावून.

दुपारी रूपेश पखवाज घेऊन आला आणि हलक्या हाताने वाजवू लागला. थोडे ऐकून हे म्हणाले, "घाई."

रूपेशने पखवाज मांडीवरून उतरवून ठेवला आणि कान पकडले. "आबांनी शिवी दिली! बाई, मी पास झालो!" मग गॅलरीत जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज खरेच पडले. यांना खुर्चीत बसवताना पाय सरकला. हे अंगावर आले. दोघेही पलंगाच्या कडेला जमिनीवर. उठवेना. खालचा वॉचमन आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून होते, यांचे डोके माझ्या दंडावर. यांना कुठे लागले नाही. मला उठताना ओरडणे आवरले नाही.

त्यानंतर यांनी दिवसभर एक शब्द उच्चारला नाही. ठेकाही नाही. माझ्याकडे पाहत होते. मी म्हटले, "असे काय पाहता? कंबरच आहे, राहील."

विश्वजितला कळवले नाही. शेजारीण कळवीलच.

२३ फेब्रुवारी, रविवार

कळवले. तो आज धावत आला. ओरडला नाही, तेच अधिक लागले. माझ्या कंबरेला मलम चोळता चोळता म्हणाला, "आई, आता बाबा बोलतात. तूच म्हणाली होतीस, विचारल्याशिवाय नाही. मग विचार ना."

"विचारीन."

"कधी?"

"विचारीन म्हटले ना!"

विचारले नाही. उत्तर मला ठाऊकच आहे. आपले अंथरूण, आपली खिडकी, मंदिरातून येणारा मंडळाचा आवाज सोडून कोण जाईल? मी हे फुल्या-शून्यांचे शिकले ते तरी कशासाठी? यांच्या तोंडून एकदा "नाही" यावे, आणि मग कोणी मला काही म्हणू नये.

मग विचारायला भीती कसली वाटते, ते कळत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ठेका झाल्यावर कागद बाजूला ठेवला आणि विचारले. सारे सांगून विचारले — केंद्र कसे आहे, किती लांब आहे, मी भेटायला येत जाईन. "नको असेल तर नाही म्हणा," असेही म्हणाले. वरून पुन्हा, "नाही म्हणा हो." तेवढा अधर्म माझ्याकडून घडला.

हे थांबले. मला वाटले, 'नाही' शोधत आहेत.

"मी तिकडे जातो," हे म्हणाले. "तू झोप."

इतक्या महिन्यांतली पहिली पूर्ण वाक्ये. एका अक्षरालाही अडखळले नाहीत.

"जातो म्हणू नये," एवढेच माझ्या तोंडून निघाले. "येतो म्हणावे."

यांनी ते दुरुस्त केले नाही.