पाच ताऱ्यांची पेटी

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असणारच. घाम सल्ला देणाऱ्याला येत नाही, घेणाऱ्याला येतो. आमच्याकडे तो आईला येतो आहे. कंबरेच्या ऑपरेशननंतर महिनाभर तिला त्या पश्चिमेच्या खोलीतच पडून राहायचं आहे, आणि टाक्यांवर घाम नको असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून तर तुमचा शब्द प्रमाण मानून एसी घेतला.

दुकानातला विक्रेता पेटीवरच्या पाच ताऱ्यांवरून असं बोट फिरवत होता, जणू ते त्यानेच तोडून आणले होते. (आमच्या गावच्या शाळेत मास्तर वहीवर एक तारा काढायचे, तो मिळवायला एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणावा लागे. ही पेटी कारखान्यातूनच पाच तारे चिकटवून आली. अजून एक पाढा म्हटलेला नाही.) मी तीन ताऱ्यांवर समाधानी होतो. पण तुम्ही म्हणालात, "अहो, घ्यायचा तर पाचचाच, वीज वाचते!" वाचते आहे, दाजी. पेटी दहा मिनिटं गार वारा सोडते आणि मग पाऊण तास नुसती घोंघावते. काम न करणारा गडी जेवतोही कमी, यात कौतुक कसलं?

बरं, तुमचे नियम मोडले म्हणावं, तर तेही नाही. सव्वीसवर ठेवला, सोबत मंद पंखा, खिडकीला जाड पडदा, दाराखाली टॉवेलची गुंडाळी. दर आठवड्याला जाळी काढून मी स्वतः नळाखाली धुतो आणि सावलीत वाळवतो. (डुगडुगत्या स्टुलावर चढून ती परत बसवताना देवाचं नाव आपोआप तोंडी येतं, नामस्मरण वाढलं, एवढाच काय तो फायदा.) उलट तुमचं मशीन पाहा! बाहेर भिंतीवर उघडंबोडकं, धूळ खात लटकलेलं. आमच्या बाहेरच्या मशीनला ताईने शिवलेलं कव्हर आहे: जाड कापड, आतून अस्तर, चारी बाजूंनी नाड्या. एवढी निगा राखूनही काल आई उशी उलटी करत म्हणाली, "अरे, ही पेटी माझ्याहून आजारी दिसते. तिलाच झोपव माझ्या जागी."

तुम्ही आमचा पाण्याचा पंप दुरुस्त केलात, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. (तो पुढे भंगारात गेला.) उद्या मेकॅनिक येतो आहे. तो काय सांगणार ते मला आजच ठाऊक आहे.

अजूनही आपला मान राखून असलेला,
मेहुणा

ता. क. मेकॅनिक आला. पेटीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीतून बाहेर वाकला आणि ओरडला, "काका, याला स्वेटर कुणी घातला?" खोलीतली उष्णता त्या मशीनने बाहेर टाकायची असते म्हणे, आम्ही त्याचं तोंडच बांधून ठेवलं होतं. नाड्या सोडल्या आणि अर्ध्या तासात आईने पांघरूण मागितलं. वरचं पत्र फाडणार होतो, पण पंपाचा मजकूर खरा असल्याने ठेवतो.

ता. क. दुसरा: रविवारी ताई आठ दिवस राहायला येते आहे. आईचा हुकूम आहे, "पोरीने डोळे फोडून शिवलंय. ती आहे तोवर कव्हर घालून ठेव, मी सोसेन घाम." तेव्हा कृपा करून तिला सोडायला तुम्हीच या, आणि ते कव्हर तिच्यासमोर आपल्या घरासाठी मागून घ्या. (घरचा फोन ताई उचलते, म्हणून हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर.)

ता. क. तिसरा: आत्ताच ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, ते मी आमच्याच मशीनसाठी शिवलं होतं. पण हे म्हणाले, आपलं काय, आपण सोसू, आधी आईकडे जाऊ दे."

दाजी, पेटीवरचे पाचही तारे मी नखाने सोडवून ठेवले आहेत. रविवारी शर्ट स्वच्छ घालून या.