दुहेरी दोरा

बाळ अँब्रोझ,

मी तुझी नॅन, तुझ्या बापाची आई. विसरला असशील म्हणून ओळख दिली. लिहितेय शेजारची ड्रुसिला. चुका दिसल्या तर तिला हस.

तीन वर्षं झाली, बापाची होडी कशी बुडाली ते तू विद्यापीठात संगणकावर मांडतोयस. परवा फोनवर म्हणालास, "नॅन, संगणकात पाण्याची आकड्यांची जाळी विणली, होडीच्या लाकडाची विणली, तरी होडी बुडतच नाही. आता प्राध्यापक काढून टाकणार मला." बुडेल कशी? तुझ्या गणितात माझं जाळं कुठंय?

तुझा बाप हेडली मला चिडवायचा, "आई, तुझं कॉड माशांचं जाळं म्हणजे म्हातारीचे दात, दरवर्षी तुटतात." म्हणून होडी बुडाली त्या वर्षी मी जाळं विणताना दोरा दुहेरी घेतला. जाळं तळाच्या खडकात अडकलं असणार. एकेरी असतं तर तुटलं असतं, होडी सुटली असती. माझं तुटलं नाही. त्यानं होडीच खाली ओढली.

ड्रुसिला विचारतेय, "पाठवू ना?" नको गं. हे पेटीत टाक. त्याची पदवी जाईल, पण नॅन तरी राहील त्याला.

दुसऱ्या कागदावर एवढंच लिही: नाताळच्या पुडिंगला मनुका पाठव, बिनबियांच्या. म्हातारीचे दात आता खरंच पडलेत.

तुझी नॅन केझाया
(सहीच्या जागी फुली)